हेलियम-६ आणि हेलियम-८ यांचा आकार कसा मोजला: डार्मस्टाटच्या ‘इकार’ प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

हेलियम-४ च्या केंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात, आणि ते हलक्या केंद्रकांत सर्वात घट्ट बांधलेल्यांपैकी एक आहे. त्यात आणखी दोन न्यूट्रॉन घातले की हेलियम-६ होते. हे दोन न्यूट्रॉन सोडवायला फक्त ०.९७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते. नेहमीच्या केंद्रकातून एकच न्यूट्रॉन काढायला सात-आठ एमईव्ही लागतात, त्यामानाने ही ऊर्जा नगण्य आहे. हेलियम-८ मध्ये जास्तीचे चार न्यूट्रॉन असतात आणि त्यातले दोन काढायला सुमारे २.१ एमईव्ही लागतात. हेलियम-६ चे अर्धायुष्य ०.८ सेकंद आणि हेलियम-८ चे ११९ मिलिसेकंद. इतक्या सैल बांधलेल्या न्यूट्रॉनांचा ढग किती पसरतो, आणि आतला अल्फा-गाभा, म्हणजे मूळचे हेलियम-४, पूर्वीसारखाच राहतो का, हा या प्रकरणातला प्रश्न. तो सोडवण्यासाठी १९९० च्या दशकात जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील जीएसआय प्रयोगशाळेत ‘इकार’ हा हायड्रोजन-कक्ष वापरून प्रयोग झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आधी काय माहीत होते

१९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कलीच्या बेव्हालॅक या त्वरकावर हेलियम आणि लिथियमचे न्यूट्रॉनबहुल समस्थानिक बेरिलियम, कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या लक्ष्यांवर सोडले आणि ‘इंटरॅक्शन क्रॉस-सेक्शन’ मोजला. क्रॉस-सेक्शन म्हणजे टक्करीच्या शक्यतेचे क्षेत्रफळात दिलेले माप. लक्ष्यातून जाताना किती केंद्रके आपली ओळख न बदलता बाहेर पडतात, एवढेच त्यात मोजायचे असते. लिथियम-९ वरून लिथियम-११ वर जाताना त्रिज्येने जी उडी घेतली, तिच्यातून पुढे ‘हेलो’ केंद्रकांची, म्हणजे दाट गाभ्याभोवती न्यूट्रॉनांचा विरळ ढग असलेल्या केंद्रकांची, कल्पना उभी राहिली. १९८७ मध्ये हॅन्सन आणि यॉन्सन यांनी तिला सैल बांधणीशी जोडणारे स्पष्टीकरण दिले.

पण या पद्धतीत एका केंद्रकामागे, एका ऊर्जेला, एकच आकडा हाती येतो. त्यावरून त्रिज्या काढायची तर घनतेच्या वितरणाचा आकार आधीच गृहीत धरावा लागतो. त्यातले गृहीतक किती जड पडते हे १९९६ मध्ये अल-खलिली आणि टोस्टेव्हिन यांनी दाखवले. हेलोचे न्यूट्रॉन आणि गाभा यांची एकमेकांसापेक्ष हालचाल हिशेबात घेतली, तर त्याच मोजमापातून लिथियम-११ ची त्रिज्या सुमारे ३.१ ऐवजी ३.५ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर) निघते. मोजमाप तेच होते, बदलले ते फक्त वाचन. म्हणून त्रिज्येबरोबर वितरणाच्या आकाराबद्दलही काही सांगेल असे निरीक्षण हवे होते.

स्थिर केंद्रकांसाठी हे काम प्रोटॉनांच्या इलॅस्टिक विखुरणाने अनेक दशके होत आले आहे. इलॅस्टिक म्हणजे टक्करीत केंद्रक मोडत नाही की उत्तेजित होत नाही, फक्त दिशा बदलते. एक जीईव्हीच्या (हजार एमईव्हीच्या) आसपासचे प्रोटॉन कॅल्शियम किंवा शिशाच्या पत्र्यावर सोडायचे आणि कोनानुसार किती विखुरले ते मोजायचे. हेलियम-८ चा पत्रा करता येत नाही, म्हणून भूमिका उलट कराव्या लागतात. वेगाने येते ते केंद्रक आणि स्थिर असतो तो प्रोटॉन. याला ‘इन्व्हर्स कायनेमॅटिक्स’ म्हणतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या उलटापालटीतून येतात.

काय मोजायचे

टक्करीत किती संवेग हस्तांतरित झाला त्याच्या वर्गाला ‘टी’ म्हणतात. इथे आपण त्याचे फक्त परिमाण घेऊ. स्थिर प्रोटॉनला धक्का बसून मिळालेली गतिज ऊर्जा आणि टी यांचे नाते सोपे आणि अचूक आहे: टी म्हणजे प्रोटॉनच्या वस्तुमान-ऊर्जेची दुप्पट गुणिले त्याची गतिज ऊर्जा. येणाऱ्या केंद्रकाची ऊर्जा किंवा वस्तुमान यात कुठेच येत नाही.

इकारने टीची ०.००२ ते ०.०५ (जीईव्ही/सी) वर्ग ही पट्टी निवडली; जीईव्ही/सी हे संवेगाचे एकक, सी म्हणजे प्रकाशाचा वेग. प्रोटॉनच्या ऊर्जेत ती साधारण १ ते २७ एमईव्ही होते. आता पुढे जाणाऱ्या केंद्रकाकडे पाहू. हेलियम-६ चा बीम दर न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) ७१७ एमईव्हीचा होता, म्हणजे एकूण संवेग सुमारे ८.२ जीईव्ही/सी. या पट्टीत ते केंद्रक वळते फक्त ५.५ ते २७ मिलिरेडियन. वरची मर्यादासुद्धा जेमतेम दीड अंश भरते.

लहान टीच्या भागात क्रॉस-सेक्शन टीबरोबर जवळपास घातांकी उतरतो आणि त्या उताराचा मोठा हिस्सा त्रिज्येचा वर्ग भागिले तीन एवढा असतो. त्रिज्या २.३० फेम्टोमीटर असेल तर हा हिस्सा सुमारे ४५ आणि २.४५ असेल तर सुमारे ५१, एकक (जीईव्ही/सी) वर्गाचा व्यस्त. त्रिज्येतला सहा-सात टक्क्यांचा फरक उतारात तेरा टक्क्यांचा होतो, ही या पद्धतीची जमेची बाजू. शिवाय लॉगॅरिदमिक आलेखावर रेषा सरळ उतरते की वाकते, हेही महत्त्वाचे. आत दाट गाभा आणि बाहेर पातळ ढग असेल तर सुरुवातीला, लहान टीला, उतार जास्त तीव्र असतो आणि पुढे तो मंदावतो. पसरलेला ढग लहान टीलाच आपला ठसा उमटवतो आणि गाभा मोठ्या टीपर्यंत टिकतो. इकारच्या मोजमापाची खरी किंमत या वाकण्यात आहे, आणि ते टिपायचे तर पट्टीच्या दोन्ही टोकांना मोजमाप सारखेच विश्वासार्ह असावे लागते.

साधे प्लास्टिक का चालत नाही

हायड्रोजनचे सर्वात सोपे लक्ष्य म्हणजे पॉलिएथिलिनचा पत्रा. पण १ एमईव्हीचा प्रोटॉन पॉलिएथिलिनमध्ये जेमतेम २० मायक्रोमीटर जातो. पत्रा त्याहून जाड असला तर ज्या टक्करींतून हेलोची माहिती मिळणार त्याच नेमक्या आत गाडल्या जातात. पत्रा तेवढा पातळ ठेवला तर दर सेकंदाला हजारभर कणांच्या बीमवर आकडेवारी जमत नाही. त्यात प्लास्टिकमधला कार्बन स्वतःची वेगळी पार्श्वभूमी तयार करतो.

यावरचा उपाय म्हणजे लक्ष्य आणि डिटेक्टर एकच करणे. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळच्या गातचिना येथील संस्थेने बांधलेला इकार हा नेमका तसा कक्ष. १० बार दाबाच्या शुद्ध हायड्रोजनने भरलेला हा आयनीकरण कक्ष आधी उच्च-ऊर्जा हॅड्रॉनांच्या विखुरणासाठी वापरला गेला होता. आत एकसारखे सहा विभाग आहेत. प्रत्येकात कॅथोड, जाळी आणि अॅनोड, आणि सगळी इलेक्ट्रोड बीमच्या दिशेला काटकोनात. सहाही विभाग मिळून लक्ष्याची जाडी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३ गुणिले १० चा २२ वा घात एवढे प्रोटॉन. वजनात हे ५० मिलिग्रॅम हायड्रोजन भरते. तेवढेच प्रोटॉन पॉलिएथिलिनमध्ये हवे असतील तर पावणेचार मिलिमीटर जाड तुकडा लागला असता.

१० बारच्या हायड्रोजनमध्ये १ एमईव्हीचा प्रोटॉन साधारण एक सेंटीमीटर जातो आणि ५ एमईव्हीचा पंधरा-वीस सेंटीमीटर. टक्कर झाल्यावर प्रोटॉन बीमच्या जवळपास काटकोनात निघतो, वायूत आयनीकरण करतो, आणि सुटे इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात सरकत अॅनोडवर येतात. विद्युतभार किती जमा झाला यावरून प्रोटॉनची ऊर्जा कळते. इलेक्ट्रॉन पोचायला किती वेळ लागला यावरून टक्कर बीमच्या रेषेवर नेमकी कुठे झाली ते कळते. प्रोटॉनचा कोनही स्पंदाच्या आकारातून काढता येतो, कारण तिरका माग उमटला तर इलेक्ट्रॉन एकाच क्षणी येत नाहीत, वेळेत पसरून येतात.

बीमची वाट

सुरुवात ऑक्सिजन-१८ ने होते. जीएसआयच्या एसआयएस सिंक्रोट्रॉन या वर्तुळाकार त्वरकामधून वेगवान झालेली ही केंद्रके बेरिलियमच्या जाड लक्ष्यावर आदळतात आणि फुटतात. त्या तुकड्यांच्या गर्दीतून एफआरएस हा चुंबकीय विभाजक हवा तो समस्थानिक वेगळा काढतो. ही वाट पार करायला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, त्यामुळे ११९ मिलिसेकंदांचे अर्धायुष्य इथे कुठेच आडवे येत नाही. हेलियम-८ चा बीम दर न्यूक्लिऑनला ६७४ एमईव्हीचा होता.

ऊर्जा ७०० एमईव्हीच्या आसपास ठेवण्यामागे ठाम कारण होते. या ऊर्जेला मोकळ्या प्रोटॉन-प्रोटॉन आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन टक्करींची माहिती चांगली आहे आणि ग्लाउबरची बहुविखुरण पद्धत, म्हणजे एकेका न्यूक्लिऑनशी झालेल्या टक्करी जोडून हिशेब करण्याची पद्धत, लागू पडते. दर न्यूक्लिऑनला २५ ते ७० एमईव्हीच्या बीमवरही अशी मोजमापे झाली आहेत. तिथे ऑप्टिकल पोटेन्शियल (संपूर्ण केंद्रकाचा परिणाम एकत्र सांगणारे प्रतिमान) घ्यावे लागते आणि सैल केंद्रक तुटण्याचा परिणाम त्यात वेगळा घालावा लागतो. त्या मोजमापांचा उपयोग आहेच, पण फक्त त्रिज्या हवी असेल तर उच्च ऊर्जेची वाट अधिक सरळ आहे असे आम्हाला वाटते.

कक्षाच्या आधी आणि नंतर मल्टीवायर प्रपोर्शनल चेंबर या, कण कुठून गेला ते तारांच्या जाळीवर टिपणाऱ्या, डिटेक्टरांच्या जोड्या बसवल्या होत्या. आधीच्या जोडीवरून येणाऱ्या केंद्रकाची रेषा मिळते, नंतरच्या जोडीवरून जाणाऱ्याची, आणि दोन रेषांमधला कोन म्हणजे विखुरणाचा कोन. सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की प्रकाश देणारे डिटेक्टर, वेळ आणि ऊर्जाक्षय मोजून येणारा कण हेलियमच आहे ना याची खात्री करतात. सर्वात शेवटी अलादिन हा मोठा चुंबक आणि त्यामागे सिंटिलेटरची भिंत.

दोन मोजपट्ट्या आणि त्यांचा जोड

टी दोन मार्गांनी कळतो, प्रोटॉनच्या ऊर्जेवरून किंवा केंद्रकाच्या कोनावरून. दोन्हींच्या अडचणी विरुद्ध टोकांना आहेत. उदाहरणादाखल कोनातली चूक अर्धा मिलिरेडियन धरू. टी कोनाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून ५.५ मिलिरेडियनला टीमधली चूक १८ टक्के होते, तर २७ मिलिरेडियनला चारच टक्के. प्रोटॉनच्या ऊर्जेचे याच्या उलट आहे. १ ते ५ एमईव्हीचा प्रोटॉन कक्षातच थांबतो आणि त्याची पूर्ण ऊर्जा मिळते. १० एमईव्हीच्या प्रोटॉनला थांबायला याच वायूत साठ सेंटीमीटरहून जास्त जागा लागते, तो कक्षाच्या भिंतीत जातो आणि ऊर्जेचा फक्त काही भाग मागे ठेवतो.

म्हणून लहान टीला ऊर्जा वापरायची आणि मोठ्या टीला कोन. मधल्या पट्ट्यात दोन्ही मार्गांनी टी काढून ते जुळतात का हे पाहायचे. हा जोड हा प्रयोगातला सर्वात नाजूक भाग. जोडाच्या ठिकाणी टीच्या मापात दोन टक्क्यांचीही पायरी राहिली तर आलेखात खोटे वाकणे तयार होते, आणि फिटिंगचा प्रोग्राम त्याला निमूटपणे ‘हेलो’ म्हणून स्वीकारतो. अशा आकडेवारीवर काम करणाऱ्याने आधी दोन पट्ट्यांचा गुणोत्तर-आलेख पाहावा, त्रिज्येकडे नंतर वळावे.

ऊर्जेचे मापांकन कक्षात बसवलेल्या अल्फा-स्रोतांवरून होते. त्यांची ऊर्जा ठाऊक असते, आणि शिखर कुठे येते ते सतत पाहत राहिले की वायूची शुद्धताही कळते. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा अंश शिरला तर तो सरकणारे इलेक्ट्रॉन वाटेतच पकडतो. अॅनोडपासून दूर झालेल्या टक्करींचा विद्युतभार जास्त घटतो आणि ऊर्जा कमी दिसते. अॅनोडजवळच्या आणि दूरच्या स्रोतांची शिखरे एकमेकांपासून सरकू लागली की वायू शुद्ध करण्याची वेळ झाली.

किती घटना मिळतात? प्रोटॉन आणि हेलियम-६ यांचा एकूण क्रॉस-सेक्शन २०० मिलिबार्नच्या (मिलिबार्न हे क्रॉस-सेक्शनचे एकक) आसपास धरून ऑप्टिकल प्रमेयाने, म्हणजे एकूण क्रॉस-सेक्शनवरून सरळ पुढचे विखुरण देणाऱ्या नियमाने, ढोबळ हिशेब केला, तर टीच्या या पट्टीत इलॅस्टिक विखुरणाचा वाटा तीसएक मिलिबार्न येतो. हजार कणांच्या बीमवर ही सेकंदाला एखादी उपयोगी टक्कर झाली. इतका मंद बीम पाहून निराश व्हायला होते, पण या कक्षाला तोच मानवतो. १० बारच्या वायूत इलेक्ट्रॉन सरकायला काही दहा मायक्रोसेकंद लागतात, आणि बीम शंभरपट वाढवला तर स्पंद एकमेकांवर चढू लागतात.

काय बिघडते

पहिला धोका इनइलॅस्टिक टक्करींचा. विखुरताना केंद्रक उत्तेजित झाले आणि ते इलॅस्टिक म्हणून मोजले गेले तर मोठ्या टीचा भाग फुगतो आणि त्रिज्या लहान दिसते. स्थिर केंद्रकांत ही डोकेदुखी मोठी असते, कारण उत्तेजित केंद्रक गॅमा किरण टाकून तसेच पुढे जाते. इथे मात्र केंद्रकाचा सैलपणाच मदतीला येतो. हेलियम-६ ची पहिली उत्तेजित पातळी १.८ एमईव्हीवर आहे, म्हणजे न्यूट्रॉन सुटण्याच्या मर्यादेच्या वर. उत्तेजित झालेले हेलियम-६ मोडतेच आणि पुढे जाते ते हेलियम-४. हेलियम-८ ची एकही उत्तेजित पातळी बांधलेली नाही. वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर हेलियम-८, ६ आणि ४ साठी अनुक्रमे ४, ३ आणि २ आहे, त्यामुळे अलादिनच्या चुंबकात त्यांच्या वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. भिंतीवर योग्य जागी पोचले तेच इलॅस्टिक.

दुसरा धोका भलत्याच ठिकाणच्या विखुरणाचा. कक्षाच्या खिडक्या आणि सिंटिलेटर यांच्यातही केंद्रक वळते. केवळ कोन पाहिला तर ही पार्श्वभूमी लहान कोनांना खऱ्या संकेतावर मात करील. म्हणून प्रत्येक घटनेत कक्षाच्या आत प्रोटॉन दिसलाच पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनांच्या वेळेवरून मिळालेले टक्करीचे स्थान विभागाच्या मोजमापयोग्य भागात पडले पाहिजे, अशा अटी घातल्या जातात.

तिसरी अडचण बीमच्या स्वतःच्या आयनीकरणाची. हेलियमचे केंद्रक वायूच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरमध्ये सुमारे ०.१६ एमईव्ही सोडून जाते. १ एमईव्हीच्या प्रोटॉनशेजारी हे सोसते. पण ते विद्युतभाराच्या वर्गाने वाढते. बेरिलियमला चौपट, कार्बनला नऊपट. कार्बनच्या बीमखाली लहान टीचा प्रोटॉन झाकला जाईल, म्हणून जड केंद्रकांसाठी अॅनोडचा मधला भाग वेगळा ठेवावा लागतो.

चौथी गोष्ट निरपेक्ष प्रमाणीकरणाची. वायूचा दाब, विभागाची लांबी आणि येणाऱ्या कणांची मोजणी यांतली चूक थेट त्रिज्येत शिरते. इथे कुलोंब विखुरण, म्हणजे केवळ विद्युत प्रतिकर्षणाने होणारे विखुरण, तपासणीला येते. टी ०.००२ ला कुलोंबचा वाटा केंद्रकीय भागाच्या साधारण पंचमांश असतो, आणि तो विद्युतभारावरून नेमका काढता येतो. त्यामुळे सर्वात डावीकडचे बिंदू प्रमाणीकरणाची साक्ष देतात. याशिवाय हेलियम-४ चा बीमही याच मांडणीतून नेण्यात आला. त्याची त्रिज्या १.४९ फेम्टोमीटर, ०.०३ च्या आतबाहेर, निघाली. ती इलेक्ट्रॉन विखुरणातून मिळालेल्या चित्राशी जुळते. अशी ज्ञात केंद्रकाची तपासणी नसती, तर पुढच्या आकड्यांना वजन आले नसते.

आकड्यांचे वाचन

ग्लाउबर पद्धतीत घनतेची चार वेगवेगळी रूपे वापरली गेली. दोन रूपांत गाभा आणि हेलो वेगळे मानले होते: गाभा गाउसियन (घंटेच्या आकाराचा), हेलो गाउसियन किंवा ऑसिलेटर प्रकारचा. उरलेली दोन रूपे अशी फोड न करता सगळ्या केंद्रकाची एकत्र घनता सांगणारी. चारही रूपांनी जवळपास सारखीच त्रिज्या दिली. पदार्थ-त्रिज्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही धरून) हेलियम-६ साठी २.३० आणि हेलियम-८ साठी २.४५ फेम्टोमीटर, दोन्हींत अनिश्चितता ०.०७. चारही रूपांना स्वतंत्रपणे गाभा दाट आणि बाहेरचा पदार्थ लांबवर पसरलेला लागला, हे आम्हाला त्रिज्येच्या आकड्याइतकेच मोलाचे वाटते.

तरी एक मर्यादा सांगायलाच हवी. अतिदूरची शेपटी, जिथे घनता अगदी विरळ आहे, ती ०.००२ च्या खालच्या टीला बोलते आणि तिथे कुलोंब वरचढ होतो. काही फ्यू-बॉडी हिशेबांत (गाभा आणि न्यूट्रॉन वेगवेगळे मोजणाऱ्या हिशेबांत) हेलियम-६ ची त्रिज्या यापेक्षा थोडी मोठी निघते, ती याच कारणाने. म्हणून त्रिज्या उद्धृत करताना कोणत्या घनतारूपातून आणि कोणत्या सिद्धांताने काढली हे सोबत लिहावे. गाभ्याचा तपशील मात्र दुसऱ्या टोकाला आहे. तो नीट पाहण्यासाठी पुढे जीएसआयमध्येच द्रव हायड्रोजनचे लक्ष्य वापरून टी ०.२ च्या आसपासपर्यंत मोजणी नेण्यात आली.

या आकड्यांना पुढे एक स्वतंत्र जोड मिळाली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत हेलियम-६ ची आणि २००७ मध्ये फ्रान्समधल्या गॅनिल येथे हेलियम-८ ची विद्युतभार-त्रिज्या लेसरने सापळ्यातल्या एकेका अणूवर मोजली गेली. २००७ मधले आकडे हेलियम-६ साठी सुमारे २.०७ आणि हेलियम-८ साठी १.९३ फेम्टोमीटर. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या स्वतःच्या आकाराची वजावट केली की हेलियम-६ मध्ये प्रोटॉनांची त्रिज्या १.९४ उरते. आता इकारची २.३० घ्या: सहा गुणिले २.३० चा वर्ग, त्यातून दोन प्रोटॉनांचा वाटा वजा, बाकीला चारने भागा. न्यूट्रॉनांची त्रिज्या २.४६ येते. म्हणजे न्यूट्रॉनांचा थर, न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या त्रिज्यांतला फरक, सुमारे अर्ध्या फेम्टोमीटरचा, ०.१ च्या आतबाहेर. हाच हिशेब हेलियम-८ ला लावला तर थर ०.८ च्या आसपास जातो.

यातली एक गोष्ट पहिल्यांदा पाहणाऱ्याला अडखळवते. हेलियम-६ ची विद्युतभार-त्रिज्या हेलियम-८ पेक्षा मोठी आहे, जरी न्यूट्रॉन कमी आहेत. कारण अल्फा-गाभा स्वतः फुगलेला नसून तो हलतो आहे. मोकळ्या हेलियम-४ मध्ये प्रोटॉनांची त्रिज्या १.४६ असते. १.९४ आणि १.४६ यांच्या वर्गांतल्या फरकाचे वर्गमूळ १.२८ येते, म्हणजे गाभ्याचे केंद्र वस्तुमानकेंद्रापासून सरासरी १.२८ फेम्टोमीटर दूर असते. दोन न्यूट्रॉन एका बाजूला जवळजवळ राहतात आणि गाभ्याला दुसऱ्या बाजूला जावे लागते. गाभा ते न्यूट्रॉन-जोडी हे अंतर यावरून तिप्पट, ३.८ फेम्टोमीटर निघते. हेलियम-८ मध्ये चार न्यूट्रॉन सभोवार विखुरलेले असल्याने गाभ्याला तेवढे सरकावे लागत नाही. प्रोटॉन-विखुरण आणि लेसर यांपैकी कोणत्याही एका मोजमापातून हे चित्र पुरे होत नाही.

इकारवर पुढे लिथियम आणि बेरिलियमचे समस्थानिकही मोजले गेले. जड केंद्रकांसाठी जीएसआयने वेगळी वाट घेतली. २०१२ मध्ये ईएसआर या साठवण-कड्यात निकेल-५६ फिरवत ठेवून हायड्रोजनच्या वायुफवाऱ्यावर विखुरण मोजले गेले. फवाऱ्याची घनता इकारच्या लक्ष्यापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी, पण तेच केंद्रक सेकंदाला लाखो वेळा त्यातून जाते आणि प्रोटॉन बाहेर पडताना वाटेत काहीच पदार्थ नसतो. निकेल-५६ चे अर्धायुष्य सहा दिवसांचे असल्याने हे जमते. हेलियम-८ ला कड्यात साठवून, थंड करून मग मोजायचे तर ११९ मिलिसेकंद त्यासाठी फार अपुरे पडतात.